भाकड गाय, म्हातारा बैल आणि दिल्लीचा कायदा

गोवंशाच्या कत्तलीवर देशभर एकच बंदी हवी, असे भंडाऱ्यात मांडणाऱ्याने आणि त्याला विरोध करणाऱ्यानेही आधी इथला जुना कायदा वाचावा. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा चर्चेचा सूर असा होता, की राज्यात असे काही पहिल्यांदाच घडते आहे. पूर्व विदर्भापुरते ते खरे नाही. भंडारा जिल्हा १९५६पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नंतरच्या जुन्या मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्या विधिमंडळाने १९४९ साली प्राणी संरक्षण कायदा केला आणि १९५१ व १९५६च्या दुरुस्त्यांनी तो कडक करत नेला. शेवटी गाय, वासरू, कालवड, वळू, बैल यांतले काहीच कापता येईना. म्हशीला तेवढी दाखला घेऊन मुभा होती. संसदेने जे करावे म्हणून आज मागणी होते, ते आपल्याकडे छोट्या प्रमाणावर पूर्वीच करून झाले आहे. त्यातून काय साधले आणि काय राहिले, हे तपासायला या जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल.

या मागणीची मुळेही बरीचशी याच प्रांतात आहेत. २४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत गोरक्षणावर जी चर्चा झाली, तिची दुरुस्ती पंडित ठाकूरदास भार्गवांची होती. पण तिच्या बाजूने हिरिरीने बोलणारे सेठ गोविंददास आणि डॉ. रघुवीर हे दोघे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी. गोविंददासांना ही बंदी मूलभूत हक्कांत हवी होती. भार्गवांनी ती मार्गदर्शक तत्त्वांवर भागवली आणि भर दिला शेतीवर: बैल टिकला तर शेती टिकेल, दूध असेल तर मूल जगेल. त्या दिवशीची सर्वांत प्रामाणिक भाषणे मात्र विरोधी बाकांवरून झाली असे मला वाटते. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांचे म्हणणे साधारण एकच होते: कारण धार्मिक असेल तर तसे उघड सांगा, आम्ही तुमच्या भावनेचा मान राखू, पण अर्थशास्त्राचा बुरखा नको. सभेने ते ऐकले आणि बुरखा तसाच ठेवला. अनुच्छेद ४८ तयार झाला तो असा: राज्याने शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, जाती जपाव्यात, सुधाराव्यात, आणि गाई-वासरे व इतर दुभती व ओढकामाची जनावरे यांच्या कत्तलीला मनाई करण्यासाठी पावले टाकावीत.

भार्गवांची दुरुस्ती स्वीकारली डॉ. आंबेडकरांनी. त्याच वर्षी त्यांचे अस्पृश्यतेच्या उगमावरचे इंग्रजी पुस्तक निघाले, ज्यात गोमांस खाणे आणि अस्पृश्य ठरवले जाणे यांचा संबंध त्यांनी मांडला आहे. पुढे १९५४ साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि हरले. गोवंशाच्या प्रश्नावर या जिल्ह्यात सभा होतात, त्यांत अनुच्छेद ४८चा उल्लेख हटकून असतो. तो स्वीकारणारा माणूस इथूनच दिल्लीला जाऊ पाहत होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

शेतीच्या अंगाने हा विचार संविधान सभेच्याही आधीचा आहे. महात्मा फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या शिपायांच्या जेवणासाठी इथले गाय-बैल कापले जातात आणि त्यामुळे शेतकऱ्याला नांगराला जनावर महाग होते, अशी तक्रार केली, सरकारने शेळ्यामेंढ्यांवर भागवावे असे सुचवले. पुराणांवर कोरडे ओढणारा माणूस हे लिहितो, तेव्हा त्यामागे पूजा नसते, हिशेब असतो. गांधीजी दुसऱ्या टोकाला. गाईवर निस्सीम श्रद्धा असलेल्या या माणसाने २५ जुलै १९४७च्या प्रार्थनासभेत सांगितले, की भारत फक्त हिंदूंचा नाही, म्हणून कायद्याने गोहत्या बंद करता येणार नाही. त्यांचा मार्ग वर्ध्यात दिसत होता. १९४१मध्ये गोसेवा संघ निघाला, जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याला दिले. गोशाळेला लागूनच मेलेल्या जनावराच्या कातड्याचे चर्मालय असावे, म्हणजे भाकड गाईचा खर्च निघेल, हा गांधीजींचा आग्रह होता. आजच्या गोशाळा गांधीजींचा फोटो लावतात आणि चर्मालयाचे नाव काढत नाहीत.

न्यायालयांचा प्रवास लांबलचक आहे, पण त्याचा पहिला मुक्काम आपल्याच कायद्यावर झाला. २३ एप्रिल १९५८ला सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्यप्रांत-वऱ्हाड अशा तिन्ही कायद्यांचा एकत्र निकाल दिला. गाय कोणत्याही वयाची असो, वासरू असो, बंदी वैध. बैल-वळू मात्र उपयोगी आहेत तोवरच. निरुपयोगी झाल्यावरही ते कापू न देणे हे खाटिकाच्या व्यवसाय-हक्कावर अवाजवी बंधन, आणि चाराही मर्यादित आहे, असे पाच न्यायमूर्तींनी म्हटले. ही वाटणी जवळपास अर्धशतक टिकली. महाराष्ट्राचा १९७६चा प्राणी संरक्षण कायदा, जो १९७८पासून लागू झाला, याच साच्यातला: गाईला पूर्ण संरक्षण, बैलाला दाखल्याची अट.

२६ ऑक्टोबर २००५ला गुजरातच्या मिर्झापूर मोती कुरेशी खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने ही वाटणी मोडली. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या निकालाचा गाभा असा, की बैल कधी निरुपयोगी होतच नाही. ओढकाम थांबले तरी शेण आणि मूत्र चालू असते. न्या. ए. के. माथुर यांनी वेगळे मत नोंदवले. महाराष्ट्राने १९९५ साली केलेली बैलबंदीची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी पडून होती. ती २६ फेब्रुवारी २०१५ला मिळाली आणि ४ मार्चपासून कायदा लागू झाला. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. ६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे अशी दोन्ही कलमे रद्द केली. म्हणजे १९५६ ते १९५८ या काळात भंडाऱ्यात जी स्थिती होती, तिथेच आपण २०१५मध्ये परत आलो.

मग राष्ट्रीय कायदा अडला कुठे? उत्तर रूक्ष आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पशुधनाचे जतन आणि सुधारणा ही राज्यसूचीतली १५वी नोंद आहे. प्राण्यांवरील क्रौर्य समवर्ती सूचीत आहे, म्हणून १९६०चा क्रूरता प्रतिबंधक कायदा देशभर चालतो. कत्तलबंदी मात्र राज्याचा विषय. गोविंददासांनी लोकसभेत विधेयक आणले, तेव्हा महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी संसदेला हा अधिकारच नाही असे मत दिले आणि नेहरूंनी विधेयकाला कडाडून विरोध केला. १९५५ साली विधेयक पडले. ७ नोव्हेंबर १९६६ला दिल्लीत संसदेवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे मेली. गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. पुढच्या वर्षी निवृत्त सरन्यायाधीश ए. के. सरकार यांची समिती नेमली गेली. तिच्यात पुरीचे शंकराचार्य, गोळवलकर गुरुजी आणि अमूलचे वर्गीस कुरियन एका टेबलाशी बसले. बारा वर्षे उलटली, अहवाल आला नाही; १९७९ साली समितीच गुंडाळली.

सर्वांत जवळ पोचले ते विनोबा, आणि तेही पवनारहून. १९७६ साली, आणीबाणीत, त्यांनी ११ सप्टेंबरपासून उपवासाची घोषणा केली. ती छापणाऱ्या ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. महाराष्ट्राचा १९७६चा कायदा या वातावरणात झाला. केरळ आणि पश्चिम बंगालसाठी २२ एप्रिल १९७९ला त्यांनी पुन्हा उपवास सुरू केला. पाचव्या दिवशी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हा विषय समवर्ती सूचीत आणण्याचे आश्वासन दिले, तेव्हा तो सुटला. घटनादुरुस्ती विधेयक मांडलेही गेले. सरकार पडले, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले. ११ जानेवारी १९८२पासून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर त्यांच्या अनुयायांनी सत्याग्रह सुरू केला. तो पुढे कित्येक वर्षे चालू होता. दरम्यान वर्तमानपत्रांनी त्याची बातमी देणे सोडून दिले. २००२ साली न्या. गुमानमल लोढा यांच्या राष्ट्रीय गोवंश आयोगाने पुन्हा केंद्रीय कायद्याची शिफारस केली. २०१७ साली सुब्रमण्यम स्वामी यांनी राज्यसभेत फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारे विधेयक आणले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले. २०१७च्याच मे महिन्यात केंद्राने पशुबाजारांसाठी नियम काढले, ज्यांनी बाजारातून कत्तलीसाठी विक्री थांबली असती. ११ जुलै २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्थगिती देशभर लागू केली. क्रौर्याच्या दाराने कत्तलबंदी आत आणण्याचा तो प्रयत्न होता. सत्तेवर कोणीही असो, संसदेत केंद्राचे उत्तर ठरलेले असते: हा राज्यांचा विषय आहे.

आता मागणीची बाजू. तिच्याकडे केवळ भावनेचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्यांनी भंडाऱ्याचा नकाशा समोर घ्यावा. रायपूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरी ओलांडून साकोली, लाखनी, भंडारा करत नागपूरला जातो. उत्तरेकडून बालाघाट-सिवनीच्या वाटा तुमसर-मोहाडीत उतरतात. दक्षिणेला पवनी-लाखांदूरकडून ब्रह्मपुरी, आणि तिथून गडचिरोली-चंद्रपूरमार्गे तेलंगणाची हद्द. मध्यप्रदेशात शिक्षा सात वर्षांपर्यंत, छत्तीसगडमध्ये तितकीच, महाराष्ट्रात पाच. तेलंगणात अजून १९७७चा आंध्र कायदा: गाईला बंदी, बैलाला दाखल्यावर मुभा, आणि गुन्ह्याला सहा महिने किंवा हजार रुपये दंड. पाणी जसे उताराकडे वाहते तसे जनावर मनाईकडून मुभेकडे जाते, आणि भंडारा त्या उतारावर आहे. स्थानिक वर्तमानपत्रांत ‘कत्तलीसाठी नेणारी जनावरे पकडली’ ही बातमी इतकी नेहमीची आहे, की ती आतल्या पानावर चार ओळींत बसते. केंद्राच्या वाहतूक नियमांप्रमाणे एका मालवाहू गाडीत सहाच्या वर गुरे नेता येत नाहीत. पकडलेल्या गाड्यांत ती पाय बांधून एकावर एक रचलेली सापडतात. कत्तल जवळ बंद झाली, म्हणून जनावराचा शेवट लांब, लपूनछपून आणि अधिक हालांचा झाला. राज्याराज्यांचे कायदे जुळत नाहीत तोवर हे थांबणार नाही, हा राष्ट्रीय कायद्याच्या बाजूचा खरा, आणि माझ्या मते सर्वांत सबळ मुद्दा.

गोवा-कर्नाटक सीमेवर हेच उलट्या बाजूने दिसते. गोव्यात गाईला १९७८पासून बंदी, बैलाला तपासणीनंतर मुभा. २०२१च्या सुरुवातीला कर्नाटकाचा कडक कायदा लागू झाला आणि गोव्याचा पुरवठा अडला. एका राज्याच्या विधानसभेने दुसऱ्या राज्याच्या ताटावर निर्णय दिला. संघराज्यात हे चालायचेच, असे म्हणता येते. पण ज्यांना कत्तलबंदी हवी आहे आणि ज्यांना नको आहे, त्या दोघांनाही या जोडकामाचा त्रास होतो.

जातींच्या जतनाचा मुद्दा मला तितका पटत नाही, म्हणून थोडक्यात. चंद्रपूर-गडचिरोली-गोंदिया पट्ट्यातली कठाणी ही लहान चणीची, चिखलात चालणारी गाय-बैलांची जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवली आहे. वर्धा-नागपूरकडे गवळाऊ आहे. त्यांना धोका सुरीचा कमी आणि ट्रॅक्टरचा जास्त. आणि २०१९च्या विसाव्या पशुगणनेत सर्वाधिक गोवंश निघाला तो पश्चिम बंगालमध्ये, जिथे १९५०च्या कायद्याने चौदा वर्षांवरील जनावर दाखल्यावर कापता येते. २०१२च्या तुलनेत तिथे गोवंश सुमारे पंधरा टक्के वाढला. महाराष्ट्रात दहा टक्के घटला. यावरून बंदीने गाई कमी होतात असे सिद्ध होत नाही, पण बंदीने वाढतात असे म्हणायला तर काहीच आधार उरत नाही.

खरी गाठ शेतकऱ्याच्या कोठ्यात आहे. धानाच्या या मुलुखात बैलजोडीचे वर्ष फार विषम असते. पावसाळ्यात पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखलणी करायची, रोवणी उरकायची. त्या आठवड्यांत बैलाला उसंत नाही. मग दिवाळीनंतर बंडीवर धान घरी आणायचे. उरलेले वर्ष जोडी तणसावर बसून. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावून चिखलणी तासांत होऊ लागली, तेव्हा बैलाचे जे थोडे आठवडे कामाचे होते तेही गेले. त्यात हार्वेस्टर आला. हाताने कापलेल्या धानाचे तणस पेंढ्या बांधून रचता येते. हार्वेस्टर ते शेतात विस्कटून टाकतो आणि पुष्कळदा पेटवून दिले जाते. काम गेले आणि चाराही गेला. देशपातळीवरचा आकडा हेच सांगतो: २०१२ ते २०१९ या काळात गायींची संख्या अठरा टक्के वाढली, नर गोवंश तीस टक्के घटून पावणेपाच कोटींच्या आत आला. कायदा बैलाला वाचवत होता त्याच वर्षांत बैल सर्वांत वेगाने नाहीसा झाला. लाखनीकडच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सर्वोच्च न्यायालयाची मोकळीक मे २०२३मध्ये कायमची मिळाली, त्यामुळे पटाची जोडी लाखांत विकली जाईल; पण नांगराच्या जोडीची किंमत शंकरपट ठरवत नाही.

जुन्या व्यवहारात बैल बुढा झाला की बाजारात जाई आणि आलेल्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा येई. म्हातारा बैल ही शेतकऱ्याची अडीनडीची ठेव होती. १९६०च्या दशकात मार्विन हॅरिस या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने भारतीय माणूस गाय अंधश्रद्धेने सांभाळत नाही, त्यामागे रोकडा उपयोग आहे, असे मांडले, तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि केरळचे के. एन. राज यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर चांगलाच वाद घातला. भाकड जनावर चाऱ्यावर हक्क सांगते आणि कामाच्या जनावराला उपाशी ठेवते, ही दांडेकरांची चिंता होती. तो वाद वाचताना आज जाणवते, की दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत होत्या: जनावर शेवटी कुठेतरी जाते. २०१५नंतर कायद्याच्या दृष्टीने ते कुठेही जात नाही. कायदा शेतकऱ्याला सरसकट विकू नको म्हणत नाही, फक्त घेणारा काढून घेतो. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी रस्त्यावरच्या मारहाणीला आणि अडवणुकीला कंटाळून जनावर खरेदीच थांबवली, तेव्हा आठवडी बाजारात भाव पडले ते शेतकऱ्याचे. म्हशीलाही गिऱ्हाईक मिळेना, जिच्यावर या कायद्याची बंदी नाही.

मग ते जनावर जाते कुठे? रात्री कोणीतरी दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडते. धान निघाल्यावर त्याच बांधीतल्या ओलीवर पेरलेली लाखोळी ही इथली गरिबाची रब्बी. तिला कुंपण नसते, कारण पूर्वी गरज नव्हती. गावाची ढोरे आखरावर जमत आणि गोवारी समाजाचा गायकी ती रानात नेई. वर्षाचे धान्य हा त्याचा मोबदला. ती व्यवस्था मोडत आली आहे. दिवाळीला गायगोधनाच्या दिवशी ढाल निघते, नाच होतो, पण रोज ढोरे चारायला माणूस मिळत नाही. गोवारींचा प्रश्न सरकारला १९९४ साली आठवला होता, नागपूरच्या मोर्चात ११४ जीव गेले तेव्हा. गोरक्षणाच्या कोणत्याही राष्ट्रीय मसुद्यात, निदान माझ्या वाचनात, पिढ्यान्‌पिढ्या गाय राखणाऱ्या या माणसाचा उल्लेख नाही. १८७१च्या कायद्याने आलेली कांजीहाऊस, म्हणजे कोंडवाडे, नावाला आहेत. दारे मोडलेली, चाऱ्याची तरतूद नाही.

इथून पैशाकडे यावेच लागते. ३० सप्टेंबर २०२४ला महाराष्ट्र सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये देण्याचे ठरवले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, कारण बंदीबरोबर खर्चही सरकारचा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पण त्यात देशी ही अट आहे. गोठ्यातून सर्वांत आधी बाहेर काढला जातो तो संकरित गोऱ्हा: वशिंड नाही, उन्हात टिकत नाही, नांगराला चालत नाही. कायदा त्याला कापू देत नाही आणि अनुदान त्याला ओळखत नाही. तरीही हे ५० रुपये धरून हिशेब करू. वर्षाला एका जनावराचे १८,२५० रुपये. २०१९च्या गणनेत देशात मोकाट गुरे ५० लाखांवर होती. म्हणजे वर्षाला ९ हजार कोटींहून अधिक. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाची २०२४-२५ची सगळी तरतूद साडेचार हजार कोटी होती. आणि हा हिशेब आजच्या, गळक्या बंदीचा. देशभर खरोखर घट्ट बंदी आली तर गुरे वाढतील. उत्तर प्रदेशाने २०१९ साली गो-कल्याण उपकर बसवला, जनावरामागे रोजचे अनुदान दिले, तरी त्या गणनेत तिथे ११ लाखांवर मोकाट गुरे होती आणि २०२२च्या विधानसभा निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. शेतकरी रात्री काठी घेऊन शेतात बसत होते. राष्ट्रीय कायद्याच्या एकाही मसुद्याला या आकड्यांची पुरवणी जोडलेली मी पाहिलेली नाही.

कायद्याच्या अंमलबजावणीची दुसरी किंमत माणसे देतात. गुन्हा वाहतुकीचा ठरला की रस्त्यावरचा कोणीही तपासनीस होतो. १७ जुलै २०१८ला तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध पोलिसांना सविस्तर निर्देश दिले, ते गोरक्षणाच्या नावाने झालेल्या खुनांमुळेच. जनावर पकडले गेले की गोशाळेत जाते. जप्त जनावरांसाठीच्या केंद्राच्या २०१७च्या वेगळ्या नियमांनुसार खटला चालेपर्यंतचा खर्च आरोपीकडून घेता येतो. गरीब शेतकऱ्याने बाजारातून आणलेली जोडी पावती घरी राहिली म्हणून अडकली, तर खर्च जनावराच्या किमतीपुढे जातो आणि तो ती सोडवायला येतच नाही. गोशाळेत गेलेल्या जनावरांचे पुढे काय झाले, याची मोजदाद करणारी यंत्रणा दुबळी आहे. ती पुन्हा बाजारात गेल्याच्या तक्रारी राज्यात होत राहतात. चामड्यावर जगणाऱ्यांचे, ढोलकी-संबळ मढवणाऱ्यांचे, स्वस्त प्रथिन म्हणून हे मांस खाणाऱ्यांचे नुकसान तर कोणत्याच खात्यात नोंदले जात नाही. लारी आणि सादुल्ला यांचा प्रश्न इथे परत येतो. हे बंधन भावनेसाठी असेल, तर त्याचा भार फक्त काही समाजांवर आणि लहान शेतकऱ्यावर का पडावा? ज्यांची भावना आहे त्या सगळ्यांनी तो कराच्या रूपाने उचलावा.

मग केंद्रीय कायदा नकोच का? मला तसे वाटत नाही. केंद्राच्या अधिकारात आज जे आहे, तेवढ्यानेही बरेच होईल. प्रत्येक गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला मारण्याची योजना देशभर चालू आहे. त्याच क्रमांकावर मालकी, विक्री आणि वाहतूक-परवाना जोडला तर तुमसरचा शेतकरी आणि तस्कर यांत फरक करता येईल, आणि तो करणे पोलिसांचे काम राहील. लिंगनिश्चित रेतमात्रेने दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी होतात. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली ती सवलतीत मिळते, पण खेड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळेवर असली तर उपयोग. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच न येणे, यासारखे गोरक्षण नाही. भाकड जनावराची ठरलेल्या दराने सरकारी खरेदी, देशी-संकरित भेद न करता, कोंडवाड्याला चारा, आखर आणि गायकी यांना ग्रामपंचायतीमार्फत मानधन. क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दहा ते पन्नास रुपये दंड कित्येक दशके तोच आहे. तो वाढवायला कोणाचीही भावना दुखावत नाही, तरी तो वाढत नाही. कत्तलीचा निर्णय मात्र राज्यांकडेच असावा. नागालँड, मिझोराम, केरळ यांच्या ताटात भंडाऱ्याने हात घालू नये, आणि त्यांनी आपल्या कोठ्यात.

एवढे करूनही ज्यांना कत्तलबंदी एका राज्यापलीकडे न्यायची आहे, त्यांच्यासाठी घटनादुरुस्तीखेरीज एक वाट आहे, जिची चर्चा सभांमध्ये फारशी ऐकू येत नाही. अनुच्छेद २५२नुसार दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तर राज्यसूचीतल्या विषयावर संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. इतरांनी हवे तर नंतर सामील व्हावे. महाराष्ट्र, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांचे कायदे आधीच जवळपास सारखे आहेत. ही तीन राज्ये एकत्र आली तर रायपूर-बालाघाटकडून भंडाऱ्यात येणारी वाट एकाच नियमाखाली येईल, आणि उरेल तो तेलंगणाशी बोलणी करण्याचा प्रश्न. पण असा ठराव मांडणाऱ्या प्रत्येक विधानसभेत अर्थखाते पहिल्याच दिवशी विचारेल, की दर जनावरामागे दरवर्षी लागणारे १८,२५० रुपये कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे.